तळ्याच्या पाण्याचे तोंडी गणित

माझे मन आकड्यांवाचून क्षणभरही रिकामे राहत नाही. यात सुख किती आणि जाच किती, याचा निवाडा मला या वयापर्यंत करता आलेला नाही. कुरखेड्यास तहसील कार्यालयाच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल असते. समोरून एसटी गेली की तिच्या पाटीवरील आकड्यांची बेरीज आपोआप होऊन जाते. ती बेरीज नऊने भागली जाते की नाही, हेही पाहून होते. अर्जदार आपले गाऱ्हाणे सांगत असतो, मी ते योग्य भाषेत बसवीत असतो, आणि त्याच वेळी मागच्या भिंतीच्या विटांचे ओळी गुणिले ओळीतील विटा असे काहीतरी आत चाललेले असते. माझी पत्नी म्हणते, "तुमच्या डोक्यात राइस मिल हाय. बंद म्हणून होतच नाई."

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या परीक्षेस बसण्याचा योग आला नाही. तथापि, ज्या मसुद्यांच्या शिरोभागी मी 'सविनय सादर' असे लिहिले, ते मसुदे शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांनी दोनदा वाचून मग खाली ठेवले आहेत. एटापल्लीहून बदलून आलेल्या एका अव्वल कारकुनाने माझा अर्ज वाचून विचारले होते, "हा वकिलाचा मसुदा आहे काय?" मी नम्रपणे नाही म्हणालो. नम्रता हा या व्यवसायाचा पाया आहे, आणि ती माझ्याकडे विपुल आहे.

गणित मात्र मी शाळेत शिकलो नाही. आमच्या वस्तीच्या विहारात सायंकाळची वंदना आटोपली की राइस मिलमध्ये तोलाईचे काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हा मुलामुलींना ओळीने बसवून पाढे म्हणवून घेत. एकापासून तीसपर्यंतचे पाढे ही केवळ सुरुवात. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. ते म्हणत, "कागदावरचा आकडा कोणीबी खोडते. तोंडातला कोण खोडंल?" ज्यांच्या बापजाद्यांना तराजूचा काटाही धड पाहू दिला गेला नव्हता, त्यांच्या लेकरांसमोर हे वाक्य बोलले जात होते. त्यामुळे आम्ही औटकी अशी म्हणत असू की विहाराचे पत्रे थरथरत. मुलींमध्ये एक होती, ती पाऊणकीपर्यंत माझ्या बरोबरीने म्हणे. पुढे घरच्या कामापायी तिचे येणे सुटले. ती आज आमच्या पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला शेती करते. पुढील हकीकत तिच्याच धानाची आहे.

आमच्या गावाला मालगुजारीच्या काळचे तळे आहे. तळ्याच्या पारीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडण्याचे जे दार असते त्यास आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडले की पाणी एकाच पाटाने खाली उतरते आणि दोन्ही अंगांच्या बांध्यांना, म्हणजे मातीचे धुरे घातलेल्या धानाच्या तुकड्यांना, पाळीपाळीने मिळते. पाऊस ऐन वेळी निघून गेला आणि जड, म्हणजे उशिरा पिकणारे, धान पोटरीत अडकले, म्हणजे लोंबी अजून पोटातच असली, की गाव पारीवर जमते. ज्याची जितकी जमीन, त्याला तितके तास पाणी. ही जमीन आम्ही एकरांत मोजत नाही. तिच्यात पूर्वापार किती बियाणे पडत आले, त्यावरून मोजतो. कोणाची चार कुडवांची जमीन, कोणाची सात कुडवांची. वीस कुडवांची एक खंडी होते. मी उभा राहतो, प्रत्येकास "किती?" असे विचारतो, बेरीज मनात ठेवतो, तासांना तिने भागतो आणि प्रत्येकाची पाळी तोंडाने सांगतो. कागद लागत नाही. माझ्या आधी हे काम त्याच तोलाईवाल्या गृहस्थांकडे होते. त्यांच्यानंतर माझ्याकडे आले, आणि मी ते मान म्हणून स्वीकारले.

अलीकडे मात्र माझी शांती ढळलेली होती. गावात सेवा केंद्र उघडले होते. ते चालविणारी आमच्याच गावची सून, पदवीधर, बोलण्यात गोड. लोक तिच्याकडे जाऊन अर्ज थेट संगणकावर भरू लागले. माझ्या टेबलापुढची गर्दी पातळ झाली. रिकामा वेळ वाढला तसे आकडे अधिक वळवळू लागले. मी स्वतःचीच परीक्षा घेऊ लागलो. सत्त्याऐंशी गुणिले छत्तीस. उत्तर किंचित उशिरा आले की तेच गणित पुन्हा करी. वयोमानाने पहिले काय जाते, दात की पाढे, हा प्रश्न मला त्या दिवसांत वारंवार पडे, आणि दातांची मला फारशी फिकीर नव्हती.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला. सोमवारी दुपारी गाव पारीवर जमले. पाण्याची खूण पाहून ठरले की तुडूम पाच दिवस उघडे ठेवावयाचे. खुणेखालचे पाणी गुरांचे आणि मासोळीचे; त्याला हात लावावयाचा नाही. दुपारी चारला उघडावे आणि शनिवारी दुपारी चारला बंद करावे. इतके ठरले, आणि ज्यांची जमीन पाटाच्या अगदी तोंडाशी आहे ते वयस्कर भाऊ खाकरले.

"यंदा हिशोब मोबाइलवर होऊ द्या," ते म्हणाले. "अर्जनवीस भाऊ थकले आता."

"थकलो कशावरून?" मी विचारले.

"गेल्या साली चष्मा बदलला ना तुमी?"

"हिशेब डोळ्यांनी करतात काय, भाऊ?"

लोक हसले. सेवा केंद्रातील सूनबाई बायकांत उभी होती. ती पुढे आली. "काकाजी, दोघंही करू," ती म्हणाली. "तुमी तोंडी करा, मी मोबाइलवर करते. कुठी चुकलं तं माहीत पडंल."

"इथी टॉवर तं येत नाई. कशी करशीन?" कोणीतरी विचारले.

"हिशोबाले टॉवर नाई लागत, मामाजी."

"मंग तं तुहा मोबाइल अर्जनवीस भाऊवानीच निंघाला. टॉवर नसला तरी चालू!"

या हशात मी सामील झालो नाही. माझे सारे लक्ष एकवटले होते. मी डोळे मिटले आणि पाटाच्या तोंडापासून विचारावयास सुरुवात केली. किती? सात. किती? पाच. किती? तीन. आवाज येत होते, मी मिळवीत होतो. माझे स्वतःचे चार मीच मिळविले. त्यापुढचा, शेवटचा आवाज बाईचा होता; तो म्हणाला, दोन. बेरीज छप्पन झाली. पाच दिवसांचे तास एकशेवीस. छप्पन दुणे एकशे बारा, उरले आठ. आठ हा छप्पनचा सातवा हिस्सा. तासाचा सातवा हिस्सा म्हणजे साडेआठ मिनिटे आणि वर चिमूटभर.

"कुडवामागे दोन तास साडेआठ मिनिटे, आणि किंचित अधिक," मी डोळे न उघडताच म्हणालो.

सूनबाईचे बोट अजून चालूच होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दोन तास, आठ मिनिटं, चौतीस सेकंद."

पारीवर एकच गलका झाला. कोणी शिटी घातली. "मशीन अन् माणूस एकच बोलून राह्यले बाप्पा!" तोंडावरचे भाऊ म्हणाले, "झालं मंग. दोघाइचं जुळलं. आता कोणी कटकट करायची नाई." सूनबाई हसून मला म्हणाली, "काकाजी, तुमी तं माह्या आधी सांगितलं." त्या क्षणी माझ्या तोंडून जे वाक्य गेले ते मी जसेच्या तसे नोंदवितो: "या हिशेबात खोट काढणारा अजून जन्मायचा आहे."

त्या दिवशी घरी आलो तो वाऱ्यावर चालत. परंतु जेवायला बसलो आणि छप्पन हा आकडा घशात अडकला. का अडकला, ते कळेना. मी भागाकार पुन्हा केला, बरोबर. उलट गुणून पाहिले, बरोबर. मंगळवारी टेबलावर बसून प्रत्येकाची पाळी पुन्हा काढली. सर्व पाळ्यांची बेरीज एकशेवीस तासच येत होती. यंत्रानेही तेच सांगितले होते. तरी बुधवारपर्यंत स्थिती अशी झाली की मी एका अर्जात 'छप्पन' हा शब्द नको त्या जागी लिहून गेलो आणि संपूर्ण पान बदलावे लागले. दाताच्या फटीत काहीतरी अडकावे, जिभेला ते लागावे आणि बोटाला सापडू नये, तसे चालले होते. मोबाइलला असे काही होत असेल काय, असाही विचार मनात आला. सूनबाई तर सुखाने झोपत असणार.

गुरुवारी सकाळी माझ्या टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ आले. दरवर्षी निराधारांच्या अनुदानासाठी अर्ज करणारे, ओळखीचे.

"वय?" मी विचारले.

"साठ लिवा."

"आजोबा, मागल्या वर्षीही मी साठच लिहिले होते."

"मंग? त्याच्या मागच्या साली बी साठच होतं."

"माणसाचे वय वाढते, आजोबा."

"वाढते ना. घरी वाढते," ते शांतपणे म्हणाले. "अर्जात साठच राह्यते. पैल्यांदा कोणीतरी साठ लिवलं, तवापासून तेच चालून राह्यलं. आता खरं सांगितलं तं साहेब इचारते, मंग आजवर काऊन खोटं सांगितलं?"

मी पेन खाली ठेवले. साठ. दरवर्षी आमच्या पाटाची बेरीज साठ येई. तीन खंडीचा पाट, असे जुने लोक म्हणतच. कोणी एखादी बांधी पड ठेवली तर एकदोन कुडव कमी भरत, पण चार कमी कधी झाले नव्हते, आणि यंदा पड कोणी ठेवलेली नव्हती. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. पारीवर मी जेव्हा "किती?" विचारतो, तेव्हा कोणीही यंदा किती बियाणे टाकले ते सांगत नाही. बाप जे सांगत आला तेच मुलगा सांगतो. सातवाला सातच म्हणतो, मग त्याने सहा टाकले असोत की नऊ. हा आकडा जमिनीला आजोबांच्या वयासारखा एकदा चिकटलेला आहे. याचा अर्थ असा की सोमवारी पारीवर कोणीतरी खरे बोलले होते.

शेवटचा आवाज बाईचा होता. पाटाच्या शेवटी जमीन तिच्या घरची, आणि ती सहा कुडवांची. आजवर तिचा भाऊ येऊन "सहा" म्हणत असे. तो त्या वर्षी कामासाठी चंद्रपूरकडे निघून गेला होता. ती प्रथमच पारीवर आली होती. मी डोळे मिटून बेरीज करीत होतो, यंत्राच्या आधी उत्तर काढण्याच्या घाईत होतो. दोन ऐकले आणि दोन मिळविले.

आजोबांचा अर्ज पुरा करून, वय साठच लिहून, मी टेबल आवरले आणि दुपारच्या एसटीने गावी परतलो. घरी न जाता सरळ पाटाच्या टोकाला गेलो. ती बांधीच्या धुऱ्यावर उभी होती. तिचे धान पाहून मी जागच्या जागी थबकलो. दोरी लावून एकेक रोप ओळीत लावलेले. चुडे, म्हणजे रोपांचे झुबके, असे फुटलेले की मूठ पुरेना. पोटऱ्या तट्ट फुगलेल्या. आणि खाली जमिनीला भेगा.

"बाई," मी म्हणालो, "तुझी जमीन किती कुडवांची?"

"सहाची ना. तुले माहीत नाई काय, भाऊ?"

"मग पारीवर दोन का म्हणालीस?"

"तू किती इचारलं. मी दोन टाकले, दोन सांगितलं." ती माझ्याकडे पाहत राहिली. "एकेक रोप लावलं तं बियाणं कमीच लागते. कृषीवाल्या बाईनं शिकवलं. खोटं कशाले सांगू?"

"तिथे पूर्वीचा आकडा सांगायचा असतो."

"मले कोणी सांगितलं तसं? तू सांगितलं?"

मी मनात हिशेब मांडला. तिच्या वाट्याला शनिवारी सव्वाचार तास येत होते. यायला हवे होते बारा. उरलेले पावणेआठ तास वरच्या साऱ्या बांध्यांत कुडवामागे साडेआठ-साडेआठ मिनिटांनी वाटले गेले होते. कोणालाही ते चोरल्यासारखे वाटले नसते, इतक्या बारीक हिश्श्यांनी. सव्वाचार तासांत तिच्या सहा बांध्यांपैकी दोन भिजल्या असत्या. पोटरीतल्या धानाला या आठवड्यात पाणी मिळाले नाही तर लोंबी बाहेर येते, पण पोची, वाऱ्यावर उडते. तिच्या आणि तिच्या म्हाताऱ्या आईच्या वर्षभराच्या भाताचा हा प्रश्न होता.

"हिशेब बरोबर होता, बाई," मी म्हणालो. 

"हो ना," ती म्हणाली. "बराबर हाय. म्हणून तं वाळून राह्यलं."

शुक्रवारी सकाळी मी लोकांना पारीवर बोलाविले. अर्ज लिहावा तसे मुद्दे मनात मांडून गेलो होतो. सदर वाटपातील एक आकडा प्रथेस धरून नसल्याने, वाटप भागाकाराच्या दृष्टीने निर्दोष असूनही, एका कुटुंबावर अन्याय होत आहे, असे मी म्हणालो. तोंडावरच्या भाऊंनी मला वाक्य पुरे करू दिले. मग ते म्हणाले, "सोमवारी तुमी काय बोलले होते, भाऊ? खोट काढणारा जन्मायचा हाय म्हणे. मंग हा कोण जन्मला?"

लोक हसले. मीही ओठ ताणले.

"दोघाइचं जुळलं होतं," दुसरा म्हणाला. "माणूस चुकते, समजलं. मोबाइल बी चुकला काय?"

सूनबाई तेथेच होती. तिने हातातला मोबाइल उगाच उलटासुलटा केला. "मले जे सांगितलं ते मी टाकलं, काकाजी," ती म्हणाली. "मागच्या साली किती होते, ते याले कोणी सांगितलंच नाई. तुमाले तं माहीत होतं ना?"

ती टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर मला उत्तर देता आले असते.

मी मार्ग सुचविले. ज्यांच्या पाळ्या राहिल्या आहेत त्यांनी कुडवामागे दोनच तास घ्यावे. सव्वा तास तरी सुटेल. ते म्हणाले, आधीच्यांनी जास्त घेतले, आम्हीच का सोडावे? ज्यांच्या पाळ्या झाल्या होत्या त्यांच्याकडे वळलो, तर तोंडावरचे भाऊ म्हणाले, "माहं पाणी तं मुरलं जमिनीत. खोदून काढून देऊ काय?" तुडूम आणखी काही तास उघडे ठेवावे म्हटले, तर मासोळीवाल्यांनी खुणेकडे बोट दाखविले. त्यांचेही म्हणणे खरे होते. सगळ्यांचेच म्हणणे खरे होते. मी पारीवरून उतरलो तेव्हा माझ्या मनात पावणेआठ तासांचे तुकडे अनेक प्रकारे जुळत होते, आणि त्यांपैकी एकही प्रकार कोणाच्या हातून होणारा नव्हता.

घरी येऊन पत्नीला सर्व सांगितले. आमची चार कुडवांची जमीन त्या बाईच्या अगदी वरच्या अंगाला. आमची पाळी तिच्या लगेच आधी, शनिवारच्या पहाटेपासून. मी म्हणालो, "न्यायाने पाहता आपल्याकडे जास्तीची चौतीस मिनिटे आली आहेत. तेवढी मी तिला परत देणार आहे. बाकीच्यांनी काहीही करो."

पत्नी भाकर थापत होती. तिचा हात थांबला. "चौतीस मिनिटं?"

"चौतीस मिनिटे सतरा सेकंद."

"तिच्या सहा बांध्या जळून राह्यल्या, अन् तुमी चौतीस मिनिटं देता? चहा प्याले बलावलं काय तिले?"

"आपला दोष तितकाच निघतो."

"दोष ठेवा तुमच्या डोक्यात. अर्ध्या जमिनीत आपलं हलकं धान हाय. दाणा भरला त्याचा. त्या अर्ध्याले पाणी नाई देलं तं काय होते?"

"उतारा घटेल."

"किती घटंल?"

मी जमिनीकडे पाहत मनात मांडू लागलो. गेल्या वर्षी त्या दोन बांध्यांत किती पोती आली, दाणा किती पक्व, ओल किती दिवस टिकेल. पत्नीने तव्यावरची भाकर उलटली, खाली उतरविली, हात पुसले आणि पदर खोचला.

"करत बसा तुमी," ती म्हणाली. "मी तिले सांगून येते, अर्धी पाळी तुही म्हणून."

ती निघून गेल्यावरही मला त्या घटीचे नक्की उत्तर आले नाही. आजही आलेले नाही. त्या दोन बांध्यांचे धान त्या वर्षी हलके भरले, एवढे मी सांगू शकतो.

शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मी आमच्या बांधीचा मुखा, म्हणजे पाणी आत येण्याची वाट, बुजवून पाणी खाली सोडले. तिने पहिल्या बांधीचा धुरा फोडला. भेगांत पाणी शिरताना बुडबुड असा आवाज होत होता. मला बसवेना. मी धुऱ्यावरून येरझारा घालू लागलो. पहिली भिजायला जो वेळ लागला त्यावरून चारपर्यंत किती भिजतील, याचा हिशेब दर थोड्या वेळाने बदलत होता. जमीन कोरडी तसे पाणी हळू. मध्येच खेकड्याने धुरा पोखरलेला. कुठे उंच, कुठे सखल.

"भाऊ, बस ना एका जागी," ती म्हणाली. "तुह्या फिरण्यानं पाणी पयते काय?"

"मला अंदाज घ्यायचा आहे."

"सोमवारी घ्याचा होता."

बरोबर चार वाजता पारीवरून आरोळी आली. तुडूम बंद झाले होते. चार बांध्या भिजल्या होत्या, पाचवीत पाणी निम्म्यावर होते. सहावी तशीच. मी मान खाली घातली. परंतु पाटात पाणी येतच होते. आधीच पाटात असलेले पाणी खाली उतरत होते. ते नेहमीच उतरते. ते शेवटच्या बांधीचे असते, आणि माझ्या वाटपात ते कधी धरलेले नव्हते, कारण ते कोणाच्याही पाळीतले नसते.

सूनबाई पारीवरून तुडूम लावलेले पाहून पाटाच्या कडेने आमच्यापाशी आली होती. "काकाजी, अजून किती वेळ येईल हे?" तिने विचारले.

मी पाटाची लांबी मनात धरली, रुंदी धरली, उतार धरला. "पाऊण तास."

तिने मोबाइलवर बोटे चालविली. पाटाची खोली तिने माझ्याहून कमी धरली असावी. "वीस मिनिटं येते, काकाजी."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. या वेळी जुळले नव्हते. पाचवी भरली. त्या बाईने फावड्याने सहावीचा धुरा फोडला. धार आधी मनगटाएवढी होती, मग बोटाएवढी झाली. सूनबाईची वीस मिनिटे केव्हाच उलटून गेली होती. माझी पाऊण तासाची वेळ होईपर्यंत धार टिकेल असे वाटत होते, तोच ती तुटक झाली, पुन्हा आली, आणि मग पाटाच्या तळाला नुसता चिखल चमकू लागला. मी घड्याळ पाहिले नाही. पाहावेसे फार वाटत होते.

ती सहाव्या बांधीत उतरली. मधोमध जाऊन पाय रोवून पाहिला, दोन पावले पुढे जाऊन पुन्हा पाहिला आणि परत आली. पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले होते.

"अर्धी भिजली," ती म्हणाली.

"अर्धी म्हणजे नक्की..."

"अर्धी म्हणजे अर्धी, भाऊ. बाकीच्या अर्धीत काय निंघते ते कापणीले दिसंल." तिने फावडे उचलले. "सरक बाजूले. धुरा बुजवू दे, नाई तं आहे तेबी वाहून जाईन."

मी बाजूला सरकलो.